'ध'चा 'मा' नक्की कोणी केला?

बसमध्ये असाल, मेट्रोत असाल, भांडी घासत असाल, नाहीतर ऑफिसच्या मीटिंगमध्ये एका कानात इअरफोन लपवून बसला असाल, सगळ्यांचं स्वागत. आजचा विषय तुम्हाला शाळेपासून माहीत आहे. 'ध'चा 'मा' करणे. कोणी बोललेल्याचा भलताच अर्थ लावला, कागदावर एखादा आकडा फिरवला, की आपण पटकन म्हणतो, "अरे, याने तर 'ध'चा 'मा' केला!"

गोष्ट पण सगळ्यांना पाठ आहे. राघोबादादांनी लिहिलं 'धरावे', आनंदीबाईने त्याचं केलं 'मारावे', आणि नारायणराव पेशव्यांचा खून झाला. संपलं. तीन वाक्यांत खटला चालला आणि निकालही लागला.

मला या गोष्टीचा कधी संशय आला नव्हता. आला तो ऑफिसमुळे. ते आधी सांगतो, कारण त्यात माझी बाजू काही फार चांगली नाहीये.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो हे तुम्हाला माहीत आहे. मध्यंतरी आमच्या प्रोजेक्टमध्ये एक घोळ झाला. ऑर्डरची स्थिती सांगणारे दोन शब्द होते, 'होल्ड' आणि 'सोल्ड'. इंग्रजीत एका अक्षराचा फरक. एका सेटिंगच्या फाइलमध्ये 'एच'च्या जागी 'एस' पडला आणि थांबवून ठेवलेल्या ऑर्डर विकल्या गेल्या म्हणून पुढे सरकल्या. लोकांना मेसेज गेले, क्लायंटचे फोन आले, रात्री अकरा वाजता आम्ही सगळे कॉलवर. मॅनेजर वैतागून म्हणाले, "कोणी केला हा 'ध'चा 'मा'?" त्या फाइलवर शेवटचं काम आमच्या टीममधल्या एका मुलीचं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी म्हटलं, "आनंदीबाईंनी!" कॉलवर सगळे हसले. ती पण थोडीशी हसली.

ते नाव तिला चिकटलं. पुढचे तीन आठवडे स्टँडअपला, कँटीनमध्ये, ग्रुपवर, सगळीकडे 'आनंदीबाई'. तिने काही पाठवलं की कोणीतरी म्हणणार, "नीट बघून घ्या रे." ती म्हणत होती की मी 'होल्ड'च लिहिलं होतं. आम्ही म्हणायचो, असू दे गं, होतं असं.

मग एकदा दुसऱ्याच कामासाठी मी त्या फाइलचा इतिहास उघडला. गिटमध्ये एक कमांड आहे, तिचं नावच 'ब्लेम', म्हणजे दोष. फाइलमधली प्रत्येक ओळ शेवटी कोणी बदलली ते ती दाखवते. त्या ओळीसमोर माझं नाव होतं. तिने बरोबर लिहिलं होतं. तिचं काम मुख्य कोडमध्ये मिसळताना दोन बदल एकमेकांवर आदळले होते, तो गुंता मी हाताने सोडवला होता, आणि तेव्हा चुकीची ओळ मीच ठेवली होती.

मी टीमसमोर सांगितलं, माफी मागितली. ती म्हणाली, "ठीक आहे. पण मला एक सांग, त्या खऱ्या आनंदीबाईचा लॉग कोणी बघितला होता का?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून मी वाचायला बसलो, आणि त्यातून हा एपिसोड झाला.

आधी घटना

१७७२. थेऊरला १८ नोव्हेंबरला थोरले माधवराव पेशवे क्षयाने गेले. त्यांना मूलबाळ नव्हतं. गादीवर आला धाकटा भाऊ नारायणराव, वय १७. आजच्या हिशोबाने बारावीतला मुलगा.

त्याचे काका रघुनाथराव. हे साधं माणूस नव्हतं. १७५८ मध्ये मराठी फौजा अटकेपर्यंत पोचल्या, त्या मोहिमेचं नेतृत्व यांचं. 'राघोभरारी' म्हणायचे त्यांना. पण पेशवेपद आपल्याकडे यावं ही इच्छा त्यांनी कधी सोडली नाही. माधवरावांशी त्यांची उघड लढाई झाली, १७६८ मध्ये धोडपला ते हरले, आणि नंतर शनिवारवाड्यातच नजरकैदेत राहिले. माधवराव गेल्यावर काका-पुतण्याचं थोडे दिवस जमलं, मग पुन्हा बिनसलं आणि काका पुन्हा नजरकैदेत.

आता त्याच वाड्यात तिसरी पार्टी होती. गारदी. गारदी म्हणजे युरोपियन पद्धतीची कवायत शिकलेलं भाडोत्री पायदळ. पानिपतावरचा इब्राहिमखान गारदी आठवत असेल. यांची निष्ठा पगाराशी, आणि पगार थकलेला होता. सुमेरसिंग गारदी, महंमद इसाफ, खरकसिंग हे त्यांचे म्होरके. राघोबांचा खिदमतगार तुळाजी पवार हा पण कटात.

३० ऑगस्ट १७७३, गणेशोत्सवाचे दिवस. दुपारी गारदी तलवारी उपसून वाड्यात घुसले. नारायणराव पळत काकाकडे गेला. "काका, मला वाचवा" हे इथलं. काका वाचवू शकले नाहीत, किंवा त्यांनी वाचवलं नाही, यावर दोनशे पन्नास वर्षं वाद आहे. त्याला वाचवायला मध्ये पडलेला चापाजी टिळेकर हा सेवकही मारला गेला. नारायणराव १८ वर्षांचा होता. त्याचा देह ज्या दरवाज्यातून बाहेर नेला, त्याला आज नारायण दरवाजा म्हणतात. पुढच्या वेळी शनिवारवाड्यात सेल्फी काढायला जाल तेव्हा तो दरवाजा बघा. पौर्णिमेच्या रात्री तिथे किंकाळी ऐकू येते असे रील्स तुम्ही पाहिलेच असतील. भुताचं मी काही बोलत नाही, पण खून मात्र खरा आहे.

यानंतर चौकशी झाली. रामशास्त्री प्रभुणे, पेशव्यांचे न्यायाधीश. त्यांनी राघोबांना दोषी ठरवलं. नव्या पेशव्याला तोंडावर सांगितलं की या गुन्ह्याला देहांत प्रायश्चित्त हेच एक, आणि पुणे सोडून निघून गेले. विचार करा, आपल्याच सरकारच्या सगळ्यात वरच्या माणसाविरुद्ध निकाल. म्हणून तर प्रभातने १९४४ मध्ये 'रामशास्त्री' नावाचा सिनेमा काढला.

इथपर्यंत सगळं ठीक आहे. लक्षात ठेवा, निकाल राघोबांविरुद्ध होता.

मग चिठ्ठी कुठून आली?

'ध'चा 'मा' ही गोष्ट छापील इतिहासात ठळकपणे येते जेम्स ग्रँट डफ यांच्याकडून. हे साताऱ्याला इंग्रजांचे रेसिडेंट होते. त्यांनी मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत लिहिला, तो १८२६ मध्ये लंडनला छापला गेला. खून १७७३ चा, पुस्तक १८२६ चं. मध्ये ५३ वर्षं.

डफ काय सांगतात ते नीट ऐका, कारण त्यांच्या सांगण्यात दोन थर आहेत. पहिला थर असा, की रामशास्त्र्यांच्या चौकशीत राघोबांनी कबूल केलं की मी नारायणरावाला पकडायचा हुकूम दिला होता, मारायचा नाही. आणि मूळ कागद पाहिला तर 'धरावे'चं 'मारावे' झालेलं दिसलं. दुसरा थर असा, की हा बदल आनंदीबाईने केला असं सगळे मानतात.

फरक कळला का? कागद बदललेला होता, हे ते घडलेली गोष्ट म्हणून सांगतात. कोणी बदलला, हे मात्र लोकांचा समज म्हणून सांगतात. आमच्या कॉलवर पण हेच झालं होतं. फाइल बदललेली होती ही वस्तुस्थिती. तिने बदलली हा समज. आणि समज इतका बरोबर बसत होता की लॉग उघडायची गरजच कोणाला वाटली नाही. मलाही नाही.

शिवाय ती मूळ चिठ्ठी आज आपल्यासमोर नाही. ज्या एका कागदावर हा सगळा खटला उभा आहे, तो कागद नाही.

आता इंजिनिअर म्हणून एक गंमत सांगतो. आपण म्हणतो 'एक अक्षर बदललं'. खरंतर एक नाही. 'धरावे' टाइप करा: ध, र, काना, व, मात्रा. पाच की. 'मारावे' टाइप करा: म, काना, र, काना, व, मात्रा. सहा. म्हणजे एक अक्षर काढायचं, त्या जागी दुसरं बसवायचं, आणि वर एक काना घुसवायचा. कीबोर्डवर दोन सेकंदांचं काम. पण १७७३ मध्ये पत्रं बोरूने, मोडी लिपीत लिहायचे. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरं लिहीत जायचं. शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नाही. त्या गर्दीत अक्षर फिरवून काना घुसवायचा म्हणजे खाडाखोड दिसणारच. अशक्य आहे असं मी म्हणत नाही. पण म्हणीत ते जितकं सोपं वाटतं तितकं सोपं नाही.

आणि दुसरा प्रश्न. पगार थकलेले, तलवारी घेतलेले गारदी भर दुपारी पेशव्याच्या वाड्यात घुसले. ते चिठ्ठीतलं क्रियापद वाचून थांबले असते का?

आता खरी मजा

इथपर्यंत वाचून मला वाटलं, चला, संशयाला जागा आहे, एवढंच. मग आजीशी फोनवर बोलत होतो. म्हटलं, आजी, अशी अक्षर बदलायची अजून कुठली गोष्ट माहीत आहे का गं? आजी म्हणाली, "चंद्रहासाची नाही का रे! कीर्तनात किती वेळा ऐकलीये."

मला काहीच माहीत नव्हतं. आजीने अर्धा तास गोष्ट सांगितली, मी नंतर ती वाचली. जैमिनी अश्वमेधातलं आख्यान आहे. चंद्रहास हा अनाथ राजपुत्र. हा मुलगा पुढे राजा होणार असं भाकीत प्रधान ऐकतो. प्रधानाचं नाव दुष्टबुद्धी, म्हणजे सस्पेन्स काही ठेवलेलाच नाही. तो मारेकरी पाठवतो. मारेकऱ्यांना दया येते, ते पोराच्या पायाचं सहावं बोट कापून खूण म्हणून नेतात. मुलगा वाचतो, मोठा होतो. मग प्रधान त्याच्याच हातात पत्र देऊन त्याला आपल्या मुलाकडे पाठवतो. पत्रात लिहिलेलं असतं, याला विष दे. वाटेत चंद्रहास बागेत झोपतो. तिथे प्रधानाची मुलगी येते. तिचं नाव विषया. ती त्याच्या प्रेमात पडते, पत्र वाचते, आणि डोळ्यातलं काजळ घेऊन 'विष'च्या पुढे 'या' लिहिते. आता पत्रात आहे, याला विषया दे. भाऊ पत्र वाचतो आणि लग्न लावून टाकतो.

काय प्लॉट आहे यार! आणि हे मराठी घरांना नवीन नव्हतं. 'पांडवप्रताप', 'हरिविजय' लिहिणाऱ्या श्रीधरांनी जैमिनी अश्वमेध मराठीत ओवीबद्ध केला. श्रीधर वारले १७२९ मध्ये, म्हणजे नारायणरावाच्या खुनाच्या ४४ वर्षं आधी. बाई, पत्र, एक अक्षर, आणि जीवन-मरणाचा फरक: हा साचा आपल्याकडे आधीपासून तयार होता.

अजून मागे जाऊ. सम्राट अशोकाचा मुलगा कुणाल. जैन परंपरेत त्याची गोष्ट आहे, हेमचंद्राने बाराव्या शतकात 'परिशिष्टपर्व' लिहिलं त्यातही आहे. कुणाल लहान असताना उज्जैनला असतो. तो आठ वर्षांचा झाल्यावर अशोक पत्र लिहितो की कुमाराचं शिक्षण सुरू करा. प्राकृतात शब्द 'अधीयउ', म्हणजे अध्ययन करावं. सावत्र आई ते पत्र बघते आणि 'अ'वर एक टिंब देते. झालं 'अंधीयउ', म्हणजे आंधळं व्हावं. बापाची आज्ञा म्हणून पोरगा स्वतःच तापलेली सळई डोळ्यांना लावतो. एका अनुस्वाराने. आपण व्हॉट्सअ‍ॅपवर अनुस्वार कसेही टाकतो, विचार करा!

आणि याच कुणालाची बौद्ध परंपरेतली गोष्ट 'दिव्यावदाना'त आहे. तिथे टिंब नाही. तिथे सावत्र आई तिष्यरक्षिता अशोकाच्या नावाने अख्खं खोटं पत्रच तयार करते, त्यावर त्याच्या दाताची मुद्रा उमटवते आणि तक्षशिलेला पाठवते. माणूस तोच, आंधळा होणं तेच, दोषी बाई पण राजवाड्यातलीच. बदलला फक्त पत्राचा तपशील. म्हणजे जिथे लिपीची गंमत लोकांना कळेल तिथे टिंब, नाहीतर बनावट शिक्का.

प्रोग्रॅमिंगमध्ये एका शब्दाचा दुसरा करायला किती बदल लागतात ते मोजतात, त्याला एडिट डिस्टन्स म्हणतात. कुणालाच्या गोष्टीत एक. चंद्रहासाच्या गोष्टीत 'य' आणि काना, दोन. आनंदीबाईच्या गोष्टीत पण दोन. तिन्ही गोष्टी एकाच घराण्यातल्या वाटतात की नाही?

हे फक्त आपल्याकडेच आहे का?

नाही. स्वतःच्याच मृत्यूचं पत्र स्वतः घेऊन जाणारा माणूस बायबलमध्ये आहे, उरिया. दावीद राजा त्याच्या हातून सेनापतीला पत्र पाठवतो की याला लढाईत सगळ्यात पुढे ठेव. शेक्सपिअरचा हॅम्लेट तर जहाजावर पत्र फोडतो आणि आपल्याऐवजी आपल्या दोन मित्रांना मारायचा हुकूम लिहितो. स्टिथ थॉम्प्सन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने जगभरच्या लोककथांमधल्या अशा साच्यांची सहा खंडांची यादी केली. त्यात 'उरियाचं पत्र' याला वेगळा नंबर आहे आणि 'बदललेलं उरियाचं पत्र' याला वेगळा. के ९७८ आणि के ५११. माझ्यासारख्या माणसाला हे बघून फार बरं वाटलं. लोककथांचा पण डेटाबेस असतो!

पण मला सगळ्यात जास्त धक्का बसला तो इंग्लंडच्या गोष्टीने. १३२७ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा एडवर्ड कैदेत असताना मेला. कथा अशी की एका बिशपने पहारेकऱ्यांना लॅटिनमध्ये एक ओळ पाठवली. स्वल्पविराम एका जागी दिला तर अर्थ होतो, एडवर्डला मारायला घाबरू नका, ते चांगलं आहे. दुसऱ्या जागी दिला तर, एडवर्डला मारू नका, घाबरणं चांगलं. म्हणजे आपलं 'रोको मत जाने दो'. पहारेकऱ्यांनी काय ते समजून घेतलं, बिशप हात झटकून मोकळा. ख्रिस्तोफर मार्लोने यावर नाटक लिहिलं तेव्हा ही चिठ्ठी त्यातही घेतली.

आता बघा. हंगेरीची राणी गर्ट्रूड १२१३ मध्ये मारली गेली. तिच्या खुनाबद्दल पण सांगतात की आर्चबिशपने लॅटिनमध्ये एक ओळ पाठवली होती. तीच ओळ! फक्त 'एडवर्डला'च्या जागी 'राणीला'. एडवर्डच्या आधी शंभरहून जास्त वर्षं. म्हणजे चिठ्ठी एका खुनावरून उचलली आणि दुसऱ्या खुनाला चिकटवली. शुद्ध मराठीत कॉपी-पेस्ट.

मग लोकांना चिठ्ठी का लागते?

मला वाटतं, मोठ्या माणसाच्या घरात खून झाला की लोकांना दोन गोष्टी अवघड जातात. एक म्हणजे कारण इतकं साधं असेल हे पटत नाही. पगार थकला, नजरकैदेतला काका चिडलेला होता, दोघांचं जुळलं. यात काही नाट्य नाही. दुसरं म्हणजे आपल्यातला पराक्रमी माणूस इतका खाली गेला हे सोसत नाही.

चिठ्ठी दोन्ही सोडवते. 'धरावे' लिहिणारा राघोबा कसा वाटतो? लोभी, पण खुनी नाही. पुतण्याला फक्त कैद करायला निघालेला. आणि उरलेलं पाप कुठे जातं? शाईच्या एका फटकाऱ्याने बायकोवर. अटकेपार गेलेला माणूस अर्धा सुटतो, आणि गुहागरकडच्या ओकांची मुलगी पूर्ण अडकते. बरं, 'मी फक्त पकडायला सांगितलं होतं' हा बचाव मुळात कोणाचा? राघोबांचा. आरोपीचा बचाव पुढे मराठीतली म्हण झाला, आणि त्या म्हणीत आरोपीचं नावच उरलं नाही.

मी असं म्हणत नाहीये की आनंदीबाई निष्पाप होती. तिला राजकारण कळत होतं, नवऱ्याने पेशवा व्हावं असं तिला वाटणं स्वाभाविक होतं, कट तिला माहीत असेलही. पण 'माहीत असेल' आणि 'तिने स्वतः बोरू हातात घेऊन अक्षर फिरवलं' यात अंतर आहे. रामशास्त्र्यांनी निकाल दिला तो नवऱ्याविरुद्ध. तिच्याविरुद्धचा निकाल आपण दिला.

त्यानंतर गोष्ट अजून पक्की होत गेली. राघोबा पेशवे झाले पण टिकले नाहीत. नाना फडणीस आणि बाकीचे कारभारी एकत्र आले, ते बारभाई. नारायणरावाची बायको गंगाबाई गरोदर होती, १८ एप्रिल १७७४ ला पुरंदरला सवाई माधवराव जन्माला आले. राघोबा इंग्रजांकडे गेले, १७७५ मध्ये सुरतेचा तह, मग पहिलं इंग्रज-मराठा युद्ध, १७८२ मध्ये सालबाईचा तह. १७८३ मध्ये राघोबा कोपरगावला वारले. आणि या जोडप्याचा मुलगा कोण? दुसरा बाजीराव. १८१८ मध्ये ज्याच्या हातून पेशवाई गेली तो. ग्रँट डफ पुस्तक लिहीत होते तेव्हा पेशवाई बुडून फार वर्षं झाली नव्हती. शेवटच्या पेशव्याच्या आईबद्दल वाईट बोलायला तेव्हा कोणाला अडचण असणार?

पुढे १९०९ मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी 'भाऊबंदकी' नाटक लिहिलं. त्यातली महत्त्वाकांक्षी आनंदीबाई रंगभूमीवर गाजली. मग सिनेमा, मग मालिका, आता रील्स. प्रत्येक वेळी तीच भुवई, तोच बोरू, तेच पार्श्वसंगीत. इतक्या वेळा बघितलं की आपल्याला वाटतं, आपण ते घडताना पाहिलंय.

शेवटी

मी हे सगळं वाचून झाल्यावर त्या मैत्रिणीला कँटीनमध्ये सांगितलं. कुणाल, चंद्रहास, हंगेरीची राणी, सगळं. तिने चहा संपेपर्यंत शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "विषयाची गोष्ट मला आवडली. तिने पण 'ध'चा 'मा'च केला, पण एकाचा जीव वाचवला. त्याची म्हण का नाही झाली रे?"

याचं पण उत्तर माझ्याकडे नव्हतं. तुमच्याकडे असेल तर पाठवा.

आमच्या टीममध्ये आता एक नियम आहे. काही बिघडलं की आधी लॉग उघडायचा, मग नाव घ्यायचं. हा नियम कोणी लिहून ठेवलेला नाही, पण कोणी घाईत बोलायला लागलं की दुसरं कोणीतरी म्हणतं, "चिठ्ठी बघितली का?" बहुतेक वेळा ते मीच म्हणतो. मला म्हणायलाच हवं.

'ध'चा 'मा' ही म्हण सोडून द्या असं मी सांगणार नाही. फार छान म्हण आहे, मीही वापरणार. फक्त पुढच्या वेळी वापराल तेव्हा एवढं आठवा की तिच्यामागे एक १८ वर्षांचा मुलगा आहे, ज्याचा खून नक्की झाला, आणि एक बाई आहे, जिच्याविरुद्धचा कागद आपल्यापैकी कोणीच पाहिलेला नाही.

तर मंडळी, तुमच्या आजी-आजोबांना आज एक फोन करा. विचारा, अक्षर बदलल्याची, चिठ्ठी फिरवल्याची अजून कुठली गोष्ट माहीत आहे का. वऱ्हाडात, कोकणात, गोव्यात, खानदेशात वेगवेगळ्या असतील. त्यांच्याच आवाजात व्हॉइस नोट करून पाठवा, चांगल्या असतील त्या पुढच्या एपिसोडला ऐकवू. माझ्या आजीची पाठवू का विचारलं तर म्हणाली, "मला आधी दात लावू दे."

भेटूया पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत काळजी घ्या, आणि मर्ज करताना नीट बघा!